कर्दळीचा वाफा आणि नागपूरची समिती

मी नागपूरहून परत आले त्या दिवशी गल्लीतल्या बायका माझ्या उंबऱ्यात येऊन बसल्या. काय काय बघितलंस ते सांग, म्हणाल्या. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी म्हटलं, लांब आहे, थंडी आहे, संत्री गोड आहेत. एवढं ऐकून त्या थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत बसल्या आणि उठून गेल्या.

मग मला चुटपुट लागली. चौथीपर्यंत शाळा झाली आहे, अक्षर बरं आहे, तेव्हा लिहून तरी काढू असं ठरवलं. कुणाला दाखवायचं नाही. पण लिहिताना त्या बायका समोर बसल्या आहेत असंच धरून लिहिते, कारण त्यांच्यातल्या एकीनंही मिरजेच्या पुढचं काही पाहिलेलं नाही, आणि मीही पाहिलं नव्हतं.

कबनूर

आमच्या गल्लीच्या मागून ओढा जातो. नाव ओढ्याचं, आत सगळं सांडपाणी. तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका कॉलेजातल्या मॅडम आल्या आणि ओढ्याकाठी त्यांनी एक लांबोडका खड्डा खणून घेतला. खाली जाड प्लास्टिक अंथरलं, त्यावर मोठी खडी, मग बारीक खडी, मग वाळू, आणि वर कर्दळ लावली. ओढ्यातलं सांडपाणी पंपानं आधी एका टाकीत येऊन थांबतं, गाळ खाली बसतो, मग पाणी या वाफ्यात एका टोकानं शिरतं आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडतं. शिरताना काळं असतं. निघताना त्यात आपला हात दिसतो. ते प्यायचं नाही, पण आम्ही नारळाला घालतो, रस्त्यावर मारतो. वास गेला, डास कमी झाले, आणि लाल-पिवळी फुलं आली. आता कुणाकडं पाहुणे आले की चहाच्या आधी वाफा दाखवायला नेतात.

मॅडमचं नाव सरोज कांबळे. त्या मूळच्या कोडोलीच्या. वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे, आणि ही मुलगी पाण्याच्या अभ्यासात डॉक्टर झाली. त्यांनी मला वाफ्यावर कामाला ठेवलं. त्याआधी मी यंत्रमागवाल्यांकडं सुताच्या कांड्या भरत होते. आता जाळीत अडकलेला कचरा काढते, पिकली पानं खुडते, तपासणीसाठी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवते.

हे सगळं सरकारच्या संशोधनाच्या निधीतून चालतं. तो निधी या मार्चला संपणार होता. पुढचा मिळाला नाही तर पंपाचं बिल, पाण्याच्या तपासण्या, मॅडमच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींचं काम आणि माझंही काम थांबणार, आणि ओढा पुन्हा होता तसा दाराशी येणार. ते ठरवणारी समिती नागपूरला बसणार होती. देशभरातून लोक येणार होते. यंदा त्यांनी नवीनच सांगितलं होतं, की प्रत्येकानं आपल्याबरोबर ते पाणी वापरणारं एक माणूस आणावं.

मॅडम म्हणाल्या, "शालन, तुम्हीच चला."

मी म्हटलं, "तानूकाकीला न्या. ती बोलती."

तानूकाकी म्हणजे आमच्या गल्लीचा आवाज. पण तिचा गुडघा धरलेला. ती मला म्हणाली, "जा की. गिळणार हाय व्हय तुला नागपूर? आन एक ध्यानात ठेव. तितं जाऊन रडगाणं गायचं न्हाय. पावण्यांम्होरं हात पसरून बसायचं न्हाय. इचारलं की सांगायचं, आमचं ब्येस चाललंय म्हणून. कबनूरची हाईस, भीक मागाया गेल्ती असं नगं व्हायला."

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. मीही हलवली. आमच्याकडची रीतच आहे ती. घरात पीठ नसलं तरी पाहुण्याला जेवूनच जा म्हणायचं.

गाडीत

गाडी कोल्हापुरातून सुटते, म्हणून मी एसटीनं हातकणंगले करत कोल्हापूरला गेले. मॅडम स्टेशनवर होत्या. गाडी सुटली आणि थोड्या वेळानं बघते तर पुन्हा हातकणंगले. मी मॅडमना म्हटलं, "हितंच बसले असते तर?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही एकट्या चढला असता का?" नसते चढले.

मिरज गेलं आणि मला वाटलं आता सगळं वेगळं दिसेल. पण ऊस बराच वेळ संपला नाही. मग तो हळूहळू पातळ झाला, ज्वारी आली, आणि माळ सुरू झाला तो संपेचना. मी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा काढला. मॅडमनी अर्धी भाकरी खाल्ली आणि पुन्हा मांडीवरच्या लॅपटॉपकडं बघत ओठ हलवत बसल्या. कॉलेजात एवढ्या पोरांना शिकवणारी बाई माझ्यासारखीच पाठ करते आहे, हे बघून मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर खिडकीबाहेर जमीन काळी कुळकुळीत आणि तिच्यावर कापूस फुटलेला. आम्ही जन्मभर सुताच्या धुरळ्यात राहणारी माणसं. आमचं नाक, केस, चहाची कपबशी, सगळीकडं सूत. पण कापूस झाडावर मी पहिल्यांदा पाहिला. मॅडमना म्हटलं, "हे आमच्याकडं येतं व्हय?" त्या म्हणाल्या, "कुठून तरी असंच येत असेल." वर्धा येईपर्यंत मी खिडकी सोडली नाही. मध्ये गावंही लागली, आणि प्रत्येक गावामागं एक काळा ओघळ. मला आता गटार दिसलं की ते कुठून येतं आणि कुठं जातं ते बघायची सवय लागली आहे. एवढ्या गावांचं पाणी जातं कुठं, हा विचार मनात आला.

नागपूर, पहिला दिवस

समिती ज्या पाण्याच्या संस्थेत बसणार होती, तिच्याच आवारातल्या विश्रामगृहात आमची राहायची सोय होती. तिथं स्वयंपाक बघणाऱ्या दुर्गाबाई होत्या, काळ्यासावळ्या, ठेंगण्या, कपाळावर मोठी टिकली. दारातच म्हणाल्या, "कुठून आल्या जी तुमी?"

मी म्हटलं, "कोल्हापूर."

"अरे बापा. म्हंजे तिखट खाता. मंग आमचे पोहे खाऊन पाहा."

त्या पोह्यांवर लाल रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. आत हरभरे. मला वाटलं होतं कोल्हापूरच्या पुढं कुणी तिखट खात नसेल. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुर्गाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"काहून जी, रडून राहिल्या?"

"न्हाई. ब्येस हाय," मी म्हटलं.

त्या पोट धरून हसल्या. "कोल्हापूरचे लोक मरतीन, पण तिखट लागलं म्हननार नाही."

दुपारी मॅडम कागद तपासत बसल्या आणि मी आवार बघायला निघाले. झाडं मोठी, रस्ते झाडलेले, कुठं कागदाचा कपटा नाही. एका इमारतीच्या मागं हिरवागार चौकोन दिसला, आमच्याकडच्या लग्नाच्या नव्या लॉनसारखा. पाय मोकळे करावेत म्हणून मी त्यावर पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. ते पाणी होतं. वर टिकल्यांएवढ्या बारीक पानांची साय धरलेली, आणि खाली टाकी. सांडपाणी साफ करायला ती पानं तिथं मुद्दाम वाढवलेली. मी काठ धरून बाहेर आले तेव्हा पायाला हिरव्या टिकल्या चिकटलेल्या. लांबून एक माळी ओरडला, पण मला बघून गप्प बसला.

दुर्गाबाईंनी मला न्हाणीत नेलं, बादलीभर गरम पाणी दिलं, आपली चप्पल दिली. म्हणाल्या, "तुमी पहिल्या नाही. मागच्या साली एक मोठे साहेब पडले होते त्याच्यात. टायसकट." मग मला कमी लाज वाटली.

हॉल

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये गेलो. आमच्या गावातलं सगळ्यात मोठं मंगल कार्यालय त्यात बसेल. भिंतीवर देशाचा नकाशा होता, त्यावर ठिकठिकाणी निळे ठिपके. मॅडमनी बोट ठेवून दाखवलं, हा आपला वाफा. खाली, पश्चिमेला, तिळाएवढा. तानूकाकी पाहुण्यांना जो दाखवायला नेते तो वाफा देशाच्या नकाशावर आहे, हे बघून मीही त्या तिळावर बोट ठेवलं. मी पदर घट्ट धरून बसले.

समिती पुढं अर्धगोलात बसली होती. मध्ये अध्यक्ष, पांढरे केस, दक्षिणेकडचे, हिंदी तोडकं बोलणारे. त्यांच्या शेजारी नागपूरच्या देशकर मॅडम, ज्या मराठी बोलायच्या. एकेका गटाला बोलवायचे, त्यांचं ऐकायचे, प्रश्न विचारायचे. सगळं इंग्रजीत. आमच्या मॅडम माझ्या कानात मराठी करून सांगत होत्या.

पहाडातला एक गट होता. त्यांच्याकडं थंडीत मैल्याच्या टाकीतले जंतू झोपी जातात आणि मैला कुजतच नाही. ते म्हणाले, यांना जागं कसं ठेवायचं ते आम्हाला माहीत नाही. समुद्राकाठचा गट होता. भरतीचं खारं पाणी गटारात शिरतं आणि त्यांची यंत्रं बंद पाडतं. ते म्हणाले, किती खार चालेल आणि किती नाही, हे अजून कळलेलं नाही. वाळवंटातली एक बाई माझ्यासारखीच आणलेली होती, डोक्यावरून ओढणी कपाळापर्यंत. त्यांच्याकडं भांडी राखेनं घासतात, आंघोळीचं पाणी गुरांना, आणि तरी उरलेल्या पाण्याचं काय करायचं याचा प्रश्न. त्यांचे सर म्हणाले, आम्ही केलेला पहिला प्रयत्न फसला, का फसला ते शोधायचं आहे.

मी ऐकत गेले आणि एकेकाकडं बघत गेले. इतकी शिकलेली माणसं. कुणाची दाढी पांढरी, कुणाच्या नावापुढं एवढ्या पदव्या की पाटीवर मावत नाहीत. आणि एकामागून एक उभी राहून सांगत होती, हे आम्हाला ठाऊक नाही. खाली मान घालून नाही, सरळ बघून. आणि समिती रागवत नव्हती. उलट पुढं वाकून ऐकत होती. आमच्याकडं मास्तरला, डॉक्टरला, पुढाऱ्याला कुणाला हे शब्द उच्चारताना मी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, देश म्हणजे ज्यांना सगळं कळतं त्यांनी चालवायचा असतो. इथं देशानं माणसं गोळा केली होती, गाडीभाडं देऊन, जेवू घालून, आपल्याला काय कळत नाही ते एकमेकांना सांगायला. तेही घाण पाण्याबद्दल, ज्याच्याकडं आपण नाक दाबून पाठ फिरवतो.

आणखी एक बघितलं. नागपूरच्याच एका गटाची पाळी आली तेव्हा देशकर मॅडम उठल्या आणि हॉलच्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी विचारलं, "काय झालं? रागावल्या?" मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या ओळखीचे आहेत. ओळखीच्यांचं ठरवताना बसायचं नसतं." आमच्याकडं भावकीतला निवाडा असला की भावकीच पहिली रांग धरून बसते. मी दाराच्या काचेतून देशकर मॅडमना बघत राहिले. त्या बाहेर नुसत्या उभ्या होत्या, घड्याळ बघत.

मग आमची पाळी आली. मॅडमनी छान सांगितलं. एकदाच अडखळल्या. शेवटी अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. देशकर मॅडम मराठीत म्हणाल्या, "ताई, सर विचारतात, वाफा कसा चालतो? काही अडचण आहे का?"

मी उभी राहिले. डोळ्यांपुढं आमची गल्ली आली. मी म्हटलं, "ब्येस चाललंय. काय अडचण न्हाई. आमचं आमी चालवू की."

देशकर मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. अध्यक्ष हसले, टाळ्या वाजल्या. मी खाली बसले तेव्हा छाती भरून आली होती. मॅडमकडं बघितलं. त्या समोर बघत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

चहाच्या वेळी त्या मला बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेल्या. मी म्हटलं, "मॅडम, चुकलं का काय?"

"नाही. तुम्ही पाहुण्यांसमोर बोलतात तसं बोललात."

"मग?"

"समितीनं शेरा दिला. काम यशस्वी झालं, लोक स्वतः चालवायला तयार आहेत, संशोधन पूर्ण झालं. आता वाफा गावाकडं सोपवावा."

"मग ब्येसच की."

त्यांनी नाही अशी मान हलवली. मग म्हणाल्या, "शालन, इथला निधी जे उमगलंय त्याला मिळत नाही. जे उमगलं नाही त्याला मिळतो. आपला वाफा रंगीत पाण्यानं का आजारी पडतो, ते शोधायला मी पुढची वर्षं मागितली होती."

आता हे सांगायला हवं. वाफा ब्येस चालतो, पण अधूनमधून ओढ्याला रंगीत पाणी येतं. कुठून येतं ते कुणालाच नक्की माहीत नाही, आमच्या भागात कापड रंगवायची कामं कुठंकुठं चालतात. ते पाणी वाफ्यात शिरलं की कर्दळीची पानं कडेनं पिवळी पडतात आणि बाहेर येणाऱ्या पाण्याला वास सुटतो. मग आम्ही कॉक बंद करतो, बोअरचं पाणी सोडतो, बायका घागरी आणून मुळाशी ओततात, आणि वाफा वाचतो. हे मॅडमच्या अहवालात होतं. पण वाफ्यावरची बाई स्वतः उभी राहून अडचण नाही म्हणाली, म्हटल्यावर समितीला वाटलं की ती गोष्ट मिटली.

"आत्ता जाऊन सांगते," मी म्हटलं. पण उठता येईना.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्यावर माझा राग नाही. मीच तुम्हाला आधी समजावायला पाहिजे होतं की आपण इथं कशाला आलोय." त्यांनी कप पायरीवर ठेवला. त्यातला चहा तसाच होता.

संध्याकाळी जेवताना मी काही खाल्लं नाही. दुर्गाबाईंनी कारण विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी पोळी उलटता उलटता ऐकलं आणि म्हणाल्या, "मी इथं इतके वर्सं भाजी वाढून राहिली. येनारे सगळे कायले येते? समजत नाही म्हनून येते. समजलं असतं तं घरी नसते बसले? तुमाले काय लाज आहे सांगाले? अध्यक्ष सर सकाळी अंगनात चहा घेते. जा अन् बोला."

शेवटचा दिवस

सकाळी धुकं होतं. अध्यक्ष आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते, मफलर गुंडाळून. दुर्गाबाईंनी मला पुढं ढकललं आणि आपल्या हिंदीत सांगितलं, ही बाई काही बोलणार आहे. मी हात जोडून तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी हात वर केला. रागानं नाही, थांबा म्हणतात तसा. मग सावकाश काही बोलले.

दुर्गाबाईंनी मला सांगितलं, "सर म्हनतात, इथं नका सांगू. इथं आयकलेलं मले हिसोबात धरता येत नाही. हॉलात सगळ्यांपुढं सांगा."

मला वाटलं होतं, साहेबाला एकटं गाठलं की काम होतं. सगळीकडं तसंच होतं. ह्या माणसाला सोपं होतं ऐकून घेणं, आणि त्यानं ऐकलं नाही. त्यांनी खुर्चीतून अर्धं उठून मला नमस्कार केला आणि पुन्हा चहा प्यायला लागले. मी तशीच मागं फिरले. इतकी भीती मला लग्नातही वाटली नव्हती.

हॉलमध्ये शेवटी कुणाला काही दुरुस्ती सांगायची आहे का, असं विचारलं. मॅडमनी हात वर केला आणि म्हणाल्या, आमच्या ताईंना बोलायचं आहे. मी उभी राहिले. पदर बोटाला गुंडाळत राहिले. देशकर मॅडम म्हणाल्या, "सावकाश, ताई. घरी बोलता तसं बोला."

मी म्हटलं, "काल मी अडचण न्हाई म्हटलं. आमच्याकडं पावण्यांम्होरं तसं बोलत्यात. पर अडचण हाय. रंगाचं पाणी आलं की झाडं पिवळी पडत्यात. कवा लगेच पडत्यात, कवा चार दिसांनी. कवा काय बी हुईत न्हाई. का ते मला ठाऊक न्हाई. मॅडमला बी ठाऊक न्हाई."

हॉलमध्ये हसू पसरलं, पण ते टोचणारं नव्हतं. मॅडमही हसत होत्या. मग मागच्या रांगेतून एक उंच माणूस उठला. तो तमिळ मुलुखातला होता. तिकडंही कापडाचे धंदे आहेत, असं मॅडमनी सांगितलं. तो इंग्रजीत बोलला आणि मॅडमनी माझा हात धरला. "शालन, ते म्हणतात त्यांचाही वाफा असाच मरतो. त्यांनाही कळत नाही."

मी त्या माणसाकडं वळून बघितलं. त्यानं मला मान लववली. आम्हाला एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. पण त्याच्याही गावात कुणीतरी बाई कॉक बंद करायला पळत असेल, घागरी आणत असेल. मला एकदम देश केवढा आहे आणि केवढा जवळ आहे, हे दोन्ही कळलं.

अध्यक्षांनी देशकर मॅडमकरवी विचारलं, "पानं पिवळी पडली की तुम्ही काय करता?"

मी सांगितलं. पाणी बंद, बोअर चालू, घागरी.

ते म्हणाले, "दर वेळी वाचवता?"

"व्हय."

"मग ते कशानं मरतं हे कळणार कसं?"

ते पुढं वाकले. देशकर मॅडम त्यांचं एकेक वाक्य मराठीत आणत होत्या. "वाफ्याच्या मध्ये भिंत घालावी लागेल. एका अर्ध्याला तुम्ही नेहमीसारखं सांभाळायचं. दुसऱ्या अर्ध्याला रंगीत पाणी येईल तसं येऊ द्यायचं. पिवळं पडलं तरी वाचवायचं नाही. मेलं तरी नाही. ते मरताना आत काय होतं, ते तुमच्या मॅडम बघतील. तुमची गल्ली हे करू देईल का? नाही तर निधी देऊन उपयोग नाही."

मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "नाही म्हटलं तरी चालेल. खरंच."

मी आमच्या बायकांचा विचार केला. ती रोपं त्यांनी स्वतः लावलेली. मी कुणाला विचारलेलं नव्हतं. आणि मग मी त्या पहाडातल्या, समुद्राकाठच्या, वाळवंटातल्या माणसांकडं बघितलं, आणि त्या तमिळ माणसाकडं. मी म्हटलं, "करू."

दुपारी शेरा बदलला. आमचा वाफा आणि तमिळ मुलुखातला वाफा यांनी मिळून काम करायचं, आणि अर्धा वाफा न वाचवण्याच्या अटीवर पुढचा निधी. मॅडम बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. निघताना दुर्गाबाईंनी संत्र्यांची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी तर्री कमी घालीन."

मी म्हटलं, "नगा कमी घालू. पर लागलं तिखट."

परत

परतीच्या गाडीचं लिहीत नाही. मी झोपले.

घरी आल्यावर बायकांना संत्री दिली, पण अटीचं सांगायला जीभ वळली नाही. वाफ्यात मध्ये विटांची भिंत आली तेव्हा त्यांना कळलं. तानूकाकी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "पोरागत वाढवलेलं मारायचं, आन त्याला सरकार पैसं देणार. काय आईकतोय तरी काय आमी."

मी तिला हॉलचं सांगायचा प्रयत्न केला. नकाशा, ठिपके, काचेबाहेर उभ्या राहिलेल्या देशकर मॅडम, आंब्याखालचे अध्यक्ष. तोंडातून नीट निघालं नाही. ती म्हणाली, "तुला भुलवलं तिकडं," आणि गेली.

परवा ओढ्याला रंगीत पाणी आलं. जांभळं होतं. मी उजव्या अर्ध्याचा कॉक बंद केला आणि बोअरचं पाणी सोडलं. डाव्या अर्ध्याचा कॉक उघडाच ठेवला. माझा हात दोनदा त्याच्याकडं गेला. बाटल्या भरल्या, मॅडमना फोन केला, आणि काठावर बसून राहिले.

आज सकाळी डावीकडची पानं कडेनं पिवळी झाली आहेत. फुलं अजून आहेत. तानूकाकी लंगडत आली, कमरेवर घागर. सरळ डाव्या अंगाला गेली आणि घागर तिरकी केली.

मी उठले. म्हटलं, "काकी, नगा ओतू."

ती थांबली. आजवर मी तिला कधी अडवलेलं नव्हतं. "का?"

"कशानं मरतंय ते कुणालाच ठाऊक न्हाई. हितं न्हाई, तिकडं बी न्हाई. आपुन बघू तवाच कळंल."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग वळली, घागर उजव्या अर्ध्यात रिकामी केली, आणि गुडघा धरत माझ्या शेजारी येऊन बसली. आम्ही दोघी डावीकडच्या पानांकडं बघत बसलो.